एक एप्रिलची सर्व्हिसिंग

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची माणसं पहिल्या दिवशी दिल्लीतल्या त्या सरकारी भवनात आली तेव्हा त्यांच्या गळ्यात फोटोचे पास होते. मी त्या वेळी रिसेप्शनच्या रांगेत उभा होतो. खिडकीतल्या माणसाने सतरा वर्षांत शेकडो वेळा माझ्या नावाची प्रवेशाची चिठ्ठी फाडून दिली असेल, तरी त्या दिवशीही त्याने मान वर न करता विचारलं, "किससे मिलना है?" मी सेक्शनचं नाव सांगितलं. त्याने वर फोन लावला, कुणी उचलला नाही, आणि त्याने मला बाजूला उभं राहायला सांगितलं. ती सहा माणसं पाठीला लॅपटॉप लावून माझ्या शेजारून सरळ आत गेली. ती माझाच प्रोग्राम काढून नवा बसवायला आली होती.

त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही. उतरला असता तर हे लिहायला बसलो नसतो.

प्रोग्राम सरकारी क्वार्टर वाटपाचा. दिल्लीत बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला कुठल्या वसाहतीत, कितव्या मजल्यावर, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर घर मिळणार हे त्यातून ठरतं. मी तो फॉक्सप्रोमध्ये लिहिला होता. ही भाषा आता कुठल्या क्लासात शिकवत नाहीत, पण मी शिकलो तेव्हा मुनिरकात एका जिन्याखालच्या खोलीत तिचा क्लास चालायचा. मी यवतमाळकडून कलेक्टर व्हायला दिल्लीत आलो होतो. चार प्रयत्न झाले, घरच्यांनी निकालाबद्दल विचारणं सोडलं, आणि मी त्या जिन्याखाली जाऊन बसलो.

त्याच गल्लीत नांदेडची एक मुलगी भावाबरोबर खोली घेऊन राहायची. रविवारी आम्ही महाराष्ट्रातली दहा-बारा पोरं-पोरी एका गच्चीवर जमून पोहे करायचो, तिथली ओळख. ती केंद्र सरकारची असिस्टंटची परीक्षा पास झाली. मी झालो नाही. तिनेच मला भवनात डेटा एन्ट्रीच्या कामाला लावलं. तेव्हापासून मी तिला ताई म्हणतो आणि ती मला भाऊ. वयात फार तर दोन वर्षांचं अंतर असेल, पण ऑफिसात बाईमाणसाशी असं काही नातं लावून ठेवलेलं बरं असतं. लोकांची तोंडं बंद राहतात.

एन्ट्री करता करता माझ्या लक्षात आलं की वाटपाची यादी हाताने लावतात आणि दर महिन्याला चुकतात. मी ताईला म्हणालो, नियम मला सांगा. तिने सांगितले, मी लिहिले. ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची आणि बोलायची, मी भाकरी खात ऐकायचो आणि दुपारी मशीनवर बसायचो. सहा महिन्यांत प्रोग्राम उभा राहिला. यादी बिनचूक यायला लागली. तेव्हाचे जे अधिकारी होते त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं चहा पाजतील. ते म्हणाले, "अब तो चल रहा है न? फिर आपका क्या काम?"

दुसऱ्या दिवशी गेटवर माझी चिठ्ठी झाली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चार महिने मी त्या इमारतीत पाऊल ठेवू शकलो नाही. ताई तेव्हा असिस्टंट होती, तिचं कोण ऐकतो. मग एकदा यादीत काहीतरी अडलं, कोणालाच कळेना, आणि मला घरी फोन आला. मी गेलो, अडलेलं काढलं, आणि त्याच बैठकीत प्रोग्राममध्ये नऊ ओळी जास्तीच्या घातल्या.

त्या नऊ ओळींचं काम एवढंच होतं. एक एप्रिल आला की प्रोग्राम थांबायचा. पडद्यावर 'वार्षिक देखभाल आवश्यक' असं यायचं आणि एक आकडा मागितला जायचा. तो आकडा फक्त मला ठाऊक होता. आकडा दिला की पुढचं वर्षभर सगळं सुरळीत.

मी त्याला सर्व्हिसिंग म्हणायचो. गाडीची असते तशी, असं सांगायचो, आणि ते सगळ्यांना पटायचं. दर एक एप्रिलला सकाळी दहाला मी जायचो. सगळ्यांना मशीनवरून उठवायचो, मशीनच्या खोलीचं दार लावून घ्यायचो. आकडा टाकायला अर्धं मिनिट लागायचं. उरलेला तासभर मी पेपर वाचायचो. अर्ध्या मिनिटात बाहेर आलो असतो तर कोणी किंमत दिली नसती. ताई बाहेर स्टूल टाकून बसायची, कुणी मध्ये दार उघडू नये म्हणून. चपराशी आला तरी ती त्याला परत पाठवायची. "अंदर सर्विसिंग चल रही है," म्हणायची.

हळूहळू त्याची रीत झाली. नव्या माणसाला सांगायचे, एक एप्रिलला वाटपाची बैठक ठेवू नका. एका साहेबांनी तर तसं परिपत्रकच काढलं. एका वर्षी एक एप्रिल रविवारी आला, तर माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी सेक्शन उघडलं. साहेब बदलले, सरकार बदललं, ताई मध्ये दोन वर्षं दुसरीकडे जाऊन सेक्शन ऑफिसर म्हणून परत आली, आणि गेटवरच्या माणसाला दर एप्रिलला वरून आधीच फोन जायचा की मला थांबवू नका. वर्षातून तेवढा एक दिवस मी रांगेत उभा राहिलो नाही.

मी प्रोग्रामबद्दल कधी कागदावर काही लिहून दिलं नाही. प्रत्येक साहेबाने मागितलं. मी हो म्हणायचो आणि द्यायचो नाही. लिहून दिलं की आपली गरज संपते, हे मी त्या गेटवर शिकलो होतो.

म्हणून मोठ्या कंपनीच्या मॅनेजरने मला कँटीनमध्ये बोलावलं तेव्हा मी निवांत होतो. त्याला माझ्याकडून सहा आठवडे प्रोग्राम समजून घ्यायचा होता. मी तीन गोष्टी मागितल्या. नव्या सिस्टिमच्या कागदपत्रांत मूळ प्रोग्रामर म्हणून माझं नाव, एक वर्ष त्यांच्याबरोबर काम, आणि फोटोचा पास. तो पहिल्या दोनवर 'बघू' म्हणाला, पासचं नावच काढलं नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो. सौदा करताना मी नेहमी चहा संपायच्या आत उठतो, समोरच्याला वाटतं आता गेला हा हातचा. त्याने मला परत बसवलं. मी पुन्हा उठलो. तो म्हणाला, "सर, दो-तीन दिन दीजिए." मी म्हटलं घ्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या इंजिनिअर मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे असेल तीस-बत्तीसची. आईवडील साताऱ्याचे, ही नोएडात वाढलेली.

"काका, डॉक्युमेंट बनलं. तुम्ही एकदा बघून घ्याल का?"

"कसलं डॉक्युमेंट?"

"तुमच्या पूर्ण प्रोग्रामचं. आमच्या एआय टूलने कोड रीड करून बनवलं. एकदम मस्त कोड आहे काका, थोडा गुंता आहे, बस."

मला काका म्हटलेलं आवडत नाही, पण तेव्हा ते सुचलंच नाही. मी मेट्रोने गेलो, रांगेत उभा राहिलो, वर गेलो. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोनशेच्या वर नियम, ओळीने, साध्या इंग्रजीत आणि शेजारी हिंदीत. कोणाला आधी घर, विधवेचा क्रम कुठे, निलंबित माणसाचं नाव यादीत कुठे थांबतं. काही नियम मी स्वतः विसरलो होतो. त्या जुन्या अधिकाऱ्याच्या रागापोटी मी एका ठिकाणी एक शिवी नाव म्हणून वापरली होती. टूलने तिथे लिहिलं होतं, 'या नावाचा अर्थ स्पष्ट होत नाही.' मी सतरा वर्षं जे दिलं नाही ते त्याने तीन दिवसांत काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि चहासुद्धा मागितला नव्हता.

वाचत वाचत मी खाली गेलो आणि नियम क्रमांक एकशे सत्त्याऐंशीवर थांबलो.

'दर वर्षी एक एप्रिल रोजी प्रणाली थांबते व एक क्रमांक मागते. क्रमांक चुकल्यास वाटप बंद राहते. या नियमाचा शासकीय आधार सापडला नाही. संबंधित विभागाकडून खात्री करून घ्यावी.'

मुलगी दुसरीकडे बघत होती. मी पुढच्या नियमावर गेलो. इतक्या नियमांत एक, कुणाच्या डोळ्यात भरणार, असं मनाशी म्हटलं. तेव्हा बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ती यादी खात्री करून घ्यायला सेक्शनकडे गेली. प्रत्येक नियमापुढे दोन चौकोन होते, आवश्यक आणि अनावश्यक. ताईने सगळी यादी दोन दिवस बसून स्वतः तपासली. कोणावर सोडली नाही. दहा-बारा ठिकाणी टूलची चूकही काढली. एकशे सत्त्याऐंशीपुढे तिने 'आवश्यक' वर टिक केली आणि शेरा लिहिला: 'वार्षिक सर्व्हिसिंग. प्रचलित पद्धत.' खाली सही.

टूलने तिच्या सहीवर विश्वास ठेवला आणि माझं कुलूप जसंच्या तसं नव्या भाषेत उतरवलं. ते बरोबर लागतं की नाही हे तपासायची चाचणीसुद्धा स्वतःच लिहिली. मला आठवतं तसं मी ते कुलूप इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

चाचणीत त्यांनी घड्याळ पुढे ढकलून वर्षभराचं वाटप चालवून बघितलं. साहेबांसमोर, मोठ्या पडद्यावर. मार्च संपला आणि नवी सिस्टिम थांबली. आकडा मागायला लागली.

साहेब म्हणजे जॉइंट सेक्रेटरी, नवीन आलेले. त्यांनी विचारलं, "यह क्या है?"

इंजिनिअर मुलीने नियम वाचून दाखवला. साहेबांनी शेरा वाचला. मग ताईकडे वळले. "सर्विसिंग? सॉफ्टवेयर की?"

"जी सर. हर साल होती है. एक अप्रैल को." ताईच्या आवाजात काहीच अडखळ नव्हती. उलट साहेबांना हे ठाऊक नाही याचं तिला थोडं नवल वाटत होतं.

"और नंबर किसके पास होता है?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या खुर्च्यांच्या रांगेत होतो. मी पाण्याची बाटली उघडली. तेवढं एक मी केलं.

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आपल्या पीएला दोन ओळी लिहायला सांगितल्या. चार दिवसांनी ताईला मेमो मिळाला: हा नियम कोणाच्या आदेशाने घातला, आणि तो आवश्यक असल्याचं तुम्ही कोणत्या आधारावर प्रमाणित केलं, याचा खुलासा करावा. प्रत विजिलन्सला, म्हणजे दक्षता विभागाला.

यातली गोम सरकारी माणसालाच कळेल. ताईचं अवर सचिव पदाचं प्रमोशन त्या वेळी अगदी दाराशी होतं. समितीची बैठक महिन्याभरात होती. विजिलन्सकडून 'काही प्रलंबित नाही' असा कागद आल्याशिवाय तिचं नाव समितीपुढे जाणार नव्हतं. आणि या वेळी हुकलं तर पुढच्या यादीत तिच्यावर कितीतरी माणसं चढणार होती. तिच्या घरात ती पहिली नोकरीला लागलेली. वडील नांदेडला गिरणीत होते. ते जाईपर्यंत विचारत राहिले, साहेब कधी होणार.

तिने मला फोन केला. "भाऊ, सर्व्हिसिंगमध्ये तुम्ही नेमकं काय काय करता ते एका कागदावर लिहून द्या ना. टेक्निकल भाषेत. मी खुलाशाला जोडते, म्हणजे विषय संपेल."

तिला अजूनही ते खरंच वाटत होतं.

मी आधी सौदाच करायला गेलो. दुसरं मला काही येत नाही. इंजिनिअर मुलीला मी गाठलं तिच्या टेबलाशी, बाकीचे जेवायला गेले होते तेव्हा.

"त्या एकशे सत्त्याऐंशीमध्ये एक मेख आहे," मी म्हटलं.

"मेख म्हणजे?"

"म्हणजे तो नियम नाहीच. तू तो काढून टाक आणि यादी पुन्हा छाप. जुनी यादी कोणी ठेवायची गरज नाही."

"काका, असं नाही होत. प्रत्येक व्हर्जन सेव्ह असतं. मी काढलं तर हेपण लिहिलं जाईल की मी काढलं."

"बरं ऐक. तुमच्या टूलने अकरा ठिकाणी 'कारण अज्ञात' लिहिलंय. ती कारणं माझ्याकडे आहेत. त्या जुन्या वसाहतीत नऊ नंबरच्या ब्लॉकला तळमजल्याची घरं वाटपात का येत नाहीत, सांग."

"का?"

"आधी तू सांग, काढतेस का."

ती हसली. कुत्सित नव्हती, बिचारी खरंच हसली. "काका, कारण नाही कळलं तरी बिल्कुल चालतं. नियम तर चालूच राहतो ना."

तिथे गटाराचं पाणी शिरतं, म्हणून. दोन कुटुंबं आजारी पडली तेव्हा ताईने तो नियम घालायला लावला होता. ते मी तिला फुकट सांगितलं. उठून जायला माझ्यासमोर चहासुद्धा नव्हता.

मग ती म्हणाली, "पण एक आहे. प्रत्येक रूलखाली बॉक्स आहे, ओरिजिनल डेव्हलपरचा खुलासा. कोणी भरतच नाही. तुम्ही भरा, तो फाइलमध्ये जातो. विजिलन्सलापण."

मी आधी ताईकडे गेलो. भवनासमोरच्या हिरवळीवर दुपारी उन्हात बाबूलोक शेंगा खात बसतात, थंडीचे दिवस होते. आम्ही एका कडेला बसलो. मी तिला नऊ ओळी सांगितल्या. आकडा सांगितला. पेपर वाचायचो तेही सांगितलं.

तिने शेंगेची टरफलं मुठीत धरली.

"म्हणजे आत काहीच नसायचं?"

"नसायचं."

"आणि मी बाहेर."

"ताई, त्यांनी मला चार महिने गेटवर उभं केलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुम्ही त्यांना फसवलं, ते तुमचं तुम्ही बघा. त्यांनी तसं केलंच होतं. मला का बसवलं स्टुलावर?"

मी म्हणालो, कुणी आत येऊ नये म्हणून. तोंडातून गेलं आणि मग कळलं काय बोललो ते. ती उठली, टरफलं कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि आत गेली. तिला आत जायला चिठ्ठी लागत नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग लिहून टाका ना की तुम्हीच केलं. त्यात एवढं काय?" एवढं हे की तसं लिहिलं की त्या खात्यात माझं काम कायमचं गेलं. कदाचित दुसऱ्या खात्यांतही. आणि त्याहून मोठं म्हणजे, त्यांनी माझ्याशी जे केलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या अधिकाऱ्याच्या फाइलीत काही नाही, तो चांगला निवृत्त होऊन गेला. फाइलीत फक्त मीच राहणार होतो.

मी म्हटलं, लिहायचं तर सगळं लिहितो. दोन दिवस बसून दोन पानं तयार केली, हिंदीत. 'अब तो चल रहा है' हे वाक्य जसंच्या तसं घातलं. गेट, चार महिने, रांग, फोटोचा पास, सगळं. वाचून माझं मलाच बरं वाटलं.

ती पानं घेऊन मी मुलीकडे गेलो. तिने बॉक्स उघडून दिला आणि मी टाइप करायला लागलो. तिसऱ्या ओळीनंतर अक्षरं लाल यायला लागली.

"काका, अडीचशे कॅरेक्टरची लिमिट आहे."

"अडीचशे शब्द?"

"नाही, अक्षरं. स्पेसपण पकडून. आणि हिंदीत मात्रापण वेगळ्या मोजतं."

मी तिला विचारलं, वाढवता येईल का. तिने खांदे उडवले. मी मॅनेजरला विचारायला सांगितलं. तिने विचारलं, तो नाही म्हणाला, टूलमध्येच तसं आहे. मी म्हटलं, दोन बॉक्स भरतो. दुसरा बॉक्स दुसऱ्या नियमाचा होता.

मग मी कापायला बसलो. आधी फोटोचा पास गेला. रांग गेली. त्या अधिकाऱ्याचं वाक्य मी तीनदा काढलं आणि तीनदा परत घातलं. ते ठेवलं तर ताईने केलेल्या टिकबद्दलचं वाक्य बसत नव्हतं. ताईचं बसवलं तर गेट बसत नव्हतं. चार महिने नुसते एका शब्दात सांगायचा प्रयत्न केला, पण 'चार महिने' एवढंच वाचून कोणाला काय कळणार. कोपऱ्यात आकडा पळत होता, उणे साठ, उणे चाळीस. मी आयुष्यभर समोरच्याला खाली आणत आलो, तिथे समोर कोणीच नव्हतं. शेवटी 'मला प्रवेश नाकारण्यात आल्यामुळे' एवढं उरलं होतं. तेही उणे बारावर अडलं. त्याच्या जागी मी 'स्वतःच्या सोयीसाठी' लिहिलं. ते बसलं.

मराठीत सांगायचं तर शेवटचा मजकूर असा होता: 'नियम १८७ शासकीय नियम नाही. तो मी स्वतःच्या सोयीसाठी घातला. ही तांत्रिक देखभाल आहे असे मी दर वर्षी तोंडी सांगत आलो. सेक्शनमधील कोणालाही खरे काम माहीत नव्हते. सेक्शन ऑफिसर यांनी नियम आवश्यक म्हटला तो माझ्या सांगण्यावर विसंबून. जबाबदारी माझी.'

मुलीने वाचलं. काका म्हणाली नाही. "सबमिट करू?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि ती बटण दाबायच्या आत उठलो.

पुढचं भराभर झालं. टूलने नियम काढून टाकला, त्याची चाचणीही काढली, बाकीचं सगळं तसंच धावलं. माझी एकट्याची फर्म होती, तिच्या नावावर बिलं निघायची; तिला त्या खात्याने काळ्या यादीत टाकलं, पत्र आलं तीन ओळींचं. माझ्या तिन्ही मागण्यांचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. विजिलन्सने ताईचा कागद समितीच्या आदल्या आठवड्यात दिला. ती अवर सचिव झाली. हे मला नांदेडच्याच एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. तिचा फोन आला नाही. मी केला नाही. मला वाटत होतं, या वेळी फोन तिचा यायला हवा.

दीड महिन्याने आला. मी गाझियाबादला एका शाळेच्या फीच्या प्रोग्रामचं काम बघायला गेलो होतो, तिथल्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून घेतला.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"हो. भाऊ, मी आज ती फाइल बघितली. आता बघता येते मला." आवाज सरळ होता. "त्यात टिपणी आहे. वाचू? 'अनुभाग अधिकारी को प्रणाली की कार्यविधि का ज्ञान नहीं था.' खाली दोन सह्या. मग क्लिअरन्स."

"म्हणजे सुटलात ना."

"वाटपाचा एकूण एक नियम मी तुम्हाला तोंडी सांगितला. डबा खाता खाता. त्या टूलच्या चुका मी काढल्या. आणि आता माझ्या फाइलीत कायमचं लिहिलं गेलं की हिला काही कळत नव्हतं. पुढे जिथे जाईन तिथे ती फाइल जाणार. वाचणारा म्हणेल, बाई होती बिचारी, स्टुलावर बसायची."

माझं डोकं फिरलं. तिच्यासाठी मी खातं गमावलं होतं, अडीचशे अक्षरांत स्वतःचं एक वाक्य ठेवलं नव्हतं. ते मी तिला सुनावलं, आवाज चढवून. कॉरिडॉरमधली एक शिक्षिका थांबून बघायला लागली.

"मग काय लिहायचं होतं मी?" मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक होतं असं?"

"नाही."

"मग?"

"मला नाही माहीत, भाऊ. लिहिलं तुम्ही." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. त्या अधिकाऱ्यावरचा माझा राग आहे तसाच आहे, गेटवरचाही, आणि त्यात आता थोडा ताईवरचाही मिसळला आहे, तो मला आवडत नाही पण जात नाही. मेट्रोत बसलो की मी अजून ते वाक्य जुळवून बघतो, ज्यात ताई निर्दोषही राहील आणि जाणकारही. आता तर माझ्यामागे अक्षरं मोजणारं कोणी नाही, दोन पानं लिहिली तरी चालतील. तरी ते लिहिता येत नाही, कारण मी तिला खरोखरच काही कळू दिलं नव्हतं.